एका ओळीच्या पाटीसाठी अरुंद, हाताच्या वळणाचं देवनागरी अक्षर: कोणतं घ्यावं, किती उंच, कसं बसवावं?

प्रश्न – वाचनकक्ष_पाटी

वाचनालयाची पाटी नव्यानं रंगवायची आहे. पत्रा ८ फूट बाय २ फूट. मजकूर एकाच ओळीत हवा: "सार्वजनिक वाचनालय व मोफत वाचनकक्ष". खालची ६ इंचांची पट्टी वेळा आणि "दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद" या ओळीसाठी राखलेली आहे, म्हणजे मुख्य ओळीला १८ इंच उंची मिळते.

'मुक्ता' या फाँटचं सर्वांत जाड वजन (रेघांची जाडी) घेऊन रुंदी ६० टक्क्यांवर दाबून पाहिली. ओळ बसते, पण शिरोरेषा एखाद्या पट्ट्यासारखी अंगावर येते, काने काडीसारखे होतात आणि 'म', 'क', 'क्ष' यांची पोटं (आतल्या मोकळ्या जागा) बुजतात. 'तेको' दाबावं लागत नाही आणि ते नीट बसतं, पण त्याचं वळण चौकोनी आहे, खेळाच्या गुणफलकावर शोभेल असं. पाटीवर ब्रशनं काढलेल्या अक्षराची ऊब हवी आहे.

विचारायचं ते असं. दाबल्यावर अक्षर नेमकं का बिघडतं? मुळातच अरुंद आणि हाताच्या वळणाचा तयार फाँट आहे का? आणि तो न वापरता अक्षरं हातानं काढली तर मापं काय धरावीत? पाटी जमिनीपासून १२ फुटांवर लागेल, समोरचा रस्ता साधारण ३० फुटांवर आहे.

---

कटनिब_४५

आधी बिघाडाचं कारण. समजा मूळ अक्षरात काना २० एकक जाड आहे आणि शिरोरेषा १६. रुंदी ६० टक्के केली की काना १२ होतो, शिरोरेषा मात्र १६च राहते, कारण आडव्या रेघेची जाडी उंचीच्या दिशेनं मोजली जाते आणि उंचीला तुम्ही हात लावलेला नाही. उभं-आडवं नातं उलटलं, म्हणून शिरोरेषा अंगावर येते. तिरक्या रेघांचं आणखी वाईट होतं: त्यांचा कोन बदलतो, वळणं टोकदार होतात आणि अक्षर कुठल्याच टाकातून उतरलेलं वाटत नाही.

अरुंद अक्षर काढताना नेमकं उलट करायचं असतं. कटनिब (सपाट, रुंद टोकाचं निब) आडव्या रेषेशी ४५ अंशांत धरलं तर उभी आणि आडवी रेघ सारखीच जाड येते, दोन्ही निबच्या सुमारे ७१ टक्के. कोन ३० अंशांवर आणला की उभी रेघ निबच्या ८७ टक्के होते आणि आडवी ५० टक्के. अरुंद अक्षरात उभ्या रेघांची रांग हीच लय असते, तेव्हा शिरोरेषेनं थोडं मागं सरलेलं बरं. अगदी ३० अंशांपर्यंत जाऊ नका, कारण देवनागरीची शिरोरेषा फार बारीक झाली की शब्द सुटा सुटा दिसतो. कान्याच्या ७५ ते ८५ टक्के जाडी मला योग्य वाटते.

आता तुमच्या ओळीचं गणित. मजकुरात १९ अक्षरं आहेत (जोडाक्षर एक धरून), ६ सुटे काने किंवा वेलांटीचे दंड आणि ४ मोकळ्या जागा. दोन्ही बाजूंना ४ इंच समास सोडला तर ९६ पैकी ८८ इंच हातात राहतात. अक्षराची सरासरी रुंदी पुढच्या फटीसकट ३.४ इंच, काना फटीसकट १.९ इंच आणि दोन शब्दांतली जागा २.५५ इंच धरली तर ६४.६ + ११.४ + १०.२ = ८६.२ इंच. बसतं.

उंची किती घ्यायची, इथे बहुतेक जण चुकतात. १८ इंच मिळालेत म्हणून अक्षर ११ इंच उंच केलं तर रुंदी उंचीच्या ३१ टक्के होते आणि लांबून ओळ कुंपणाच्या गजांसारखी दिसते. शिरोरेषेपासून पायापर्यंत ८ इंच घ्या, म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे ४३ टक्के येते. वर मात्रा, वेलांटी आणि रफारासाठी ३ इंच. एकूण ११. उरलेल्या ७ पैकी ३ वर आणि ४ खाली सोडा. तुमच्या ओळीत एकही उकार नाही, त्यामुळे अक्षराच्या पायाखाली जागा राखावी लागत नाही. ही फार मोठी सोय आहे.

काना १ इंच, शिरोरेषा ०.८ इंच. 'म'ची मोजणी अशी: डावी रेघ गाठीसकट ०.८, मधलं पोट ०.९५, काना १, पुढची फट ०.६५. पोट कान्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं की लांबून 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' एक होतात, म्हणून काना जाड करण्याचा मोह टाळा.

सगळी अक्षरं ३.४ इंचांची करू नका. 'क'ला तीन भाग आहेत: पोट, काना, शेपूट. त्याला ३.९ द्या. 'फ'लाही तेवढेच. 'क्ष'ला ४.१. ही सव्वादोन इंचांची उधारी 'व', 'न' आणि 'त' यांच्याकडून वसूल होते. ही तिन्ही मिळून तुमच्या ओळीत आठ वेळा येतात, प्रत्येकी ३.१ केली की हिशेब जुळतो.

---

शिरोरेषा_आणि_मी

तयार फाँटबद्दल. तुम्ही वर्णन करताय त्याच्या सर्वांत जवळचा म्हणजे 'रंगा'. टिपटॉपटिप (TipTopTyp) या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या, साधं आणि जाड अशी दोन वजनं, गूगल फाँट्सवर मोफत. तो मुळातच अरुंद आहे, जाड-बारीक रेघांतला फरक कमी आहे आणि वळण हातानं काढलेल्या अक्षराचं आहे. शीर्षक, भित्तिपत्रक, आमंत्रणाचं वरचं नाव, पुस्तकाचा कणा ही त्याची जागा. परिच्छेद मात्र त्यात लावू नये: अरुंद पोटं आणि जवळजवळ बसलेली अक्षरं यांमुळे छापील १८ पॉइंटच्या खाली वाचणाऱ्याला त्रास होतो. पडद्यावर मी २८ पिक्सेलच्या खाली जाणार नाही.

बाकीचे पर्याय वेगळ्या कामाचे आहेत. 'खंड' आणि 'तेको' अरुंद आहेत, पण आखीवरेखीव. 'प्रगती नॅरो' मजकुरासाठी ठीक, पाटीवर कोरडा वाटतो. 'यात्रा वन' रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला, वळण सुंदर, पण अंगानं रुंद, तुमच्या ८८ इंचांत मावण्यासाठी अक्षर फारच लहान करावं लागेल. 'अनेक देवनागरी'त रुंदीचा अक्ष (रुंदी हवी तशी बदलायची सोय) ७५ ते १२५ टक्के आहे. त्यातली ७५ ही दाबलेली रुंदी नसते, रेघांची जाडी सांभाळून वेगळी रेखलेली असते. हाताची ऊब नाही, पण अरुंद अक्षर कसं वागतं याचा अभ्यास करायला उत्तम.

या साऱ्यांचा परवाना ओपन फाँट लायसन्सचा आहे. पाटी, छपाई, संकेतस्थळ, व्यावसायिक काम, सगळीकडे चालतो. फक्त फाँटची फाइल एकटीच विकता येत नाही, आणि फाँटात बदल करून पुढे वाटायचा असेल तर नाव राखीव ठेवलेलं आहे का ते पाहून बदलावं लागतं.

कोणताही फाँट मराठीसाठी पक्का करण्याआधी हे शब्द टाइप करून बघा: दुसऱ्या, कुऱ्हाड, महाराष्ट्र, ज्येष्ठ, उद्घाटन, ॲड., शाळा, नेतृत्व. 'दुसऱ्या'मधला अर्धा 'ऱ' चंद्रकोरीसारखाच यायला हवा, 'र्या'सारखा रफार चढता कामा नये. तुमच्या खालच्या पट्टीत नेमका हाच शब्द आहे. 'ष्ट्र'चा खालचा भाग पुढच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो का तेही पाहा.

आणि एक महत्त्वाचं. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवू नका. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा टोकाला टोक लागून एक होतात, अंतर वाढवलं की प्रत्येक अक्षरापाशी ती तुटते. संकेतस्थळावरही तेच. तिथे ओळीची उंचीही १ ठेवू नका, मात्रा आणि रफार कापले जातात. १.३ ते १.५ द्या.

---

वाचनकक्ष_पाटी

गणितासाठी खूप आभार. 'रंगा' लावून पाहिला, वळण आवडलं. तरीही अक्षरं हातानंच काढायची असं ठरतंय, कारण रंगारी चांगला मिळाला आहे. त्याला कागदावर पूर्ण मापाचा आराखडा द्यायचा आहे. दोन ठिकाणी अडलं आहे: 'वाचनालय'मधला 'ल' आणि 'वाचनकक्ष'चा शेवट. शिवाय काचेच्या दारावर हीच ओळ पाव मापात रेडियममध्ये कापून लावायची आहे.

---

कटनिब_४५

हातानं काढणार असाल तर काम दिसतं तितकं मोठं नाही. या ओळीत वेगवेगळी अक्षरं फक्त १२ आहेत: स, व, ज, न, क, च, ल, य, म, फ, त, क्ष. चिन्हं चार: काना, वेलांटी, ओकाराची मात्रा, रफार. याच्यासाठी फाँट बनवायच्या फंदात पडू नका. मराठीपुरता चालणारा फाँट म्हटला तरी अर्धी अक्षरं, जोडाक्षरं आणि वेलांट्यांची रूपं धरून तीन-चारशे आकृत्या होतात.

सुरुवात 'क्ष', 'क' आणि 'म'पासून करा. ती बसली की बाकीची बसतात. 'व'पासून सुरू केलं तर तो ऐसपैस निघतो आणि मग 'क्ष'ला जागाच उरत नाही.

'ल' पाकळ्यांचाच घ्या. मराठीचं वळण तेच आहे, आणि २०२२च्या वर्णमालेच्या शासननिर्णयातही पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श'च आहे. अडचण अशी की दोन पाकळ्या शेजारी शेजारी बसतात, म्हणजे आकार स्वभावतः आडवा. दोन्ही पाकळ्या नुसत्या बारीक केल्या तर 'ल' इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसतो. त्याऐवजी पाकळ्या उंच करा: ८ इंचांपैकी वरचा देठ २ इंच, पाकळ्या ६ इंच. पाकळीच्या बाजू जवळजवळ सरळ खाली आणा आणि वळण फक्त वरच्या-खालच्या सव्वा इंचात घ्या. डावी पाकळी उजवीपेक्षा किंचित अरुंद ठेवली तर डोळ्याला समान दिसते, कारण उजवीकडचं टोक मोकळं सुटलेलं असतं.

'कक्ष'मध्ये 'क'ची शेपूट 'क्ष'च्या पोटावर आदळते. दोन्ही आकार पूर्ण ठेवून मधली फट वाढवली तर त्या जागी ओळीत भोक दिसतं. शेपूट बाहेर फेकू नका. कान्याच्या मध्यावरून निघून लगेच खाली वळवा, कान्याला समांतर दीड-दोन इंच उतरवा आणि टोक ब्रशच्या सपाट कडेनंच तिरकं तोडा, गोल करू नका. 'फ'लाही हीच शेपूट हवी, म्हणजे पुढचा 'त' मोकळा श्वास घेतो. 'सार्वजनिक'च्या शेवटच्या 'क'ची शेपूट मात्र अर्धा इंच अधिक लांबवता येईल, पुढे मोकळी जागाच आहे. एकच अक्षर दोन ठिकाणी वेगळं काढता येणं हाच हस्ताक्षराचा फायदा. फाँटात 'क' तो 'क'.

मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींत कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं यासाठी बारकाईनं पाहावीत. जाहिरातीची जागा सेंटिमीटरच्या हिशेबानं विकली जाते, तेवढ्यात नाव उठून दिसायला हवं. अशा ठिकाणी शब्द हे एक चित्र म्हणून रचलं जातं: वेलांटी कुठवर न्यायची, मात्रा किती झुकवायची, हे शेजारचं अक्षर ठरवतं.

वेलांटीबद्दल अरुंद अक्षराची एक सोय आहे. रुंदी जवळपास सारखी असल्यानं एकच कमान बहुतेक अक्षरांवर बसते. 'नि'ची कमान 'न'च्या कान्याच्या बरोबर डोक्यावर उतरू द्या, अलीकडे थांबली तर अक्षर अर्धवट वाटतं. 'र्व'चा रफार कान्याच्या रेषेत उभा करा, रुंदी २ इंच, उंची २.२ इंच. डावीकडे झुकवला तर तो 'सा'च्या काना-डोक्यावर जातो आणि 'सार्व'चं 'र्साव' होतं.

---

गेरू_पुरचुंडी

आराखडा पत्र्यावर उतरवण्याचं. ब्राउन पेपरच्या रोलवर ८ फुटांची ओळ पूर्ण मापात काढा. कागद जाड कापडावर किंवा घोंगडीवर पसरून अक्षरांच्या कडेनं टाचणीनं ५ ते ६ मिलिमीटर अंतरावर भोकं पाडा, वळणांवर ३ मिलिमीटर. कागद उलटा करून भोकांच्या मागची खरखर बारीक पॉलिश पेपरनं घासा. हे राहिलं तर पूड खाली उतरत नाही.

पत्र्यावर आधी खडूची दोरी मारून तीन रेषा पाडा: मात्रांची वरची हद्द, शिरोरेषेची वरची कड, पाया. कागद शिरोरेषेच्या रेषेवर जुळवून वरच्या कडेला चिकटपट्टीनं टांगा. पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत गेरू बांधून हलक्या हातानं आपटत जा. घासू नका, घासलं की पूड कागदाखाली पसरते. पांढऱ्या तळाला गेरू, गडद तळाला खडूची पूड.

पत्रा नवा असेल तर घासून, पुसून रेड ऑक्साइड प्राइमर, मग तळरंगाचे दोन हात, प्रत्येक हातानंतर निदान एक पूर्ण दिवस. तळ ओलसर असताना गेरू लावला तर तो रंगात रुततो आणि पुसला जात नाही.

काना १ इंच ठरला आहे तेव्हा १ इंची सपाट ब्रशनं तो एका ओढीत उतरतो. वरून खाली, मध्ये न थांबता. इनॅमल फार घट्ट असेल तर ओढ तुटते, फार पातळ केलं तर कड वाहते. ब्रश पत्र्यावरून उचलल्यावर कड दोन-तीन सेकंदांत स्वतः सपाट झाली पाहिजे. आधी सगळे काने, मग पोटं, शेवटी शिरोरेषा. शिरोरेषा शेवटी घेतली की कान्यांची वरची टोकं तिच्याखाली झाकली जातात आणि शब्दभर एकच सलग कड मिळते.

---

रेडियम_कटिंग

काचेच्या दाराबद्दल. पाव माप म्हणजे अक्षर २ इंच उंच, 'म'चं पोट साधारण ६ मिलिमीटर, दोन अक्षरांतली फट ४ मिलिमीटर. कापायला अडचण नाही, पण 'म'च्या गाठीतलं छिद्र भरून टाका. २ मिलिमीटरच्या खालचे तुकडे सोलताना निघत नाहीत, किंवा निघताना शेजारची रेघ घेऊन येतात.

कापायला पाठवण्याआधी सगळ्या आकृत्या वक्ररेषांत बदलून एका शब्दाचे सर्व भाग वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. हे विसरलं की मशीन शिरोरेषा आणि काना जिथे एकमेकांवर येतात तिथेही सुरी चालवतं आणि प्रत्येक जोडावर चिरा पडतात. तयार फाँट वापरला तरी हे लागतंच. 'अनेक'सारख्या बदलत्या अक्षांच्या फाँटांत तर भाग मुद्दाम एकमेकांवर ठेवलेले असतात.

शब्द शिरोरेषेनं एकसंध असल्यानं लावणं मात्र सोपं जातं: ट्रान्सफर टेपवर पूर्ण शब्द एका वेळी उचलता येतो. काचेच्या आतून लावणार असाल तर आरसा-प्रतिमा कापायला सांगा.

---

दुकानपाटी

विषयाला धरूनच विचारतो. दुकानाच्या जुन्या पाटीवर इंग्रजी नाव मोठं आहे, मराठीला उरलेली पट्टी लांबीनं कमी आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. अरुंद अक्षर घेऊन उंची राखली तर?

---

शिरोरेषा_आणि_मी

उंची मोजताना मात्रांसकट मोजू नका. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलइतकी ठेवा, मात्रा त्याच्या वर. इंग्रजी कॅपिटल ६ इंच असेल तर मराठीला वर आणखी सव्वादोन इंच लागतात, उकार असेल तर खाली दोन. तेवढी उंची त्या पट्टीत नसेल तर अरुंद अक्षरानं प्रश्न सुटत नाही, इंग्रजीच लहान करावं लागेल. उंची असेल आणि लांबी कमी असेल, तरच अरुंद अक्षर उपयोगी.

वाचनालयाच्या मूळ पाटीबद्दल एक शंका आहे. रोमन कॅपिटलसाठी पाटीवाले १० फुटांना १ इंच धरतात. देवनागरीत आतली गुंतागुंत जास्त, म्हणून मी ७-८ फुटांना १ इंच धरतो. रस्ता ३० फुटांवर असताना ८ इंच उंची जरुरीपेक्षा जास्त आहे. ७ इंच केली तर अक्षर तितकं अरुंद वाटणार नाही.

---

कटनिब_४५

उंची कमी केल्यानं पोट रुंद होत नाही. ओळीची लांबी ठरलेली आहे, म्हणून 'म'चं पोट ७ इंचांतही ०.९५च राहणार. लांबून वाचताना आधी बुजतं ते पोट, उंची नव्हे, त्यामुळे ७-८ फुटांचा नियम अशा अक्षराला सरळ लावता येत नाही. उलट 'ल' आणि 'क्ष' यांचे वर-खाली रचलेले भाग ७ इंचांत दाटतात.

दुसरं म्हणजे पाटी १२ फुटांवर आहे. माणसाचा डोळा ५ फुटांवर धरला तर पाटी डोळ्यापेक्षा ७ फूट वर. रस्त्यापलीकडून फरक पडत नाही, पण दारासमोर १० फुटांवर उभं राहिलं की नजर सुमारे ३५ अंश वर जाते आणि ८ इंचांचं अक्षर ६.५ इंचांचं भासतं. रुंदी मात्र तेवढीच दिसते. म्हणजे जवळ येणाऱ्याला हेच अक्षर कमी अरुंद दिसणार आहे. ८ इंच ठेवा. शंका असेल तर ब्राउन पेपरवर फक्त "वाचनकक्ष" पूर्ण मापात काळ्या रंगानं भरून त्याच जागी टांगा आणि दोन्ही अंतरांवरून बघा. हे टाचणी लावण्याच्या आधी करा.